पासष्टीचा हक्क आणि तारखांचा दंड

जुलै २०२५ हा महिना अमेरिकेतील ‘मेडिकेअर’ या वृद्धांच्या आरोग्यविमा योजनेच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदला जाईल. ३० जुलै रोजी या योजनेचा कायदा होऊन साठ वर्षे पूर्ण झाली. आणि त्याच्या सव्वीस दिवस आधी, ४ जुलै रोजी, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ज्या कर व खर्चविषयक महाकायद्यावर स्वाक्षरी केली, त्यातील एका कलमाने या योजनेच्या पात्रतेची व्याख्या आखूड केली. भारतात त्या कायद्याची चर्चा झाली ती मुख्यतः अनिवासी भारतीय मायदेशी पाठवत असलेल्या पैशांवरील कराच्या अंगाने. मेडिकेअरचे कलम त्या गदारोळात झाकले गेले. वस्तुतः अमेरिकेत मुले असलेल्या आणि तिकडे जाऊ पाहणाऱ्या हजारो भारतीय कुटुंबांच्या दृष्टीने हे कलम अधिक दूरगामी आहे.

या योजनेकडे आपल्याकडे दोन टोकांच्या दृष्टीने पाहिले जाते. एक म्हणजे ‘पासष्टी गाठली की तिकडे सरकार सगळे बघते’ हा भाबडा समज आणि दुसरा, ‘अमेरिकेत सरकारी आरोग्यव्यवस्था नाहीच’ हा तितकाच चुकीचा समज. पावणेसात कोटींहून अधिक लोकांना संरक्षण देणारी आणि वर्षाला एक लाख कोटी डॉलरहून अधिक खर्च करणारी ही योजना जगातील सर्वांत मोठ्या सरकारी विमा योजनांपैकी एक आहे. परंतु तिचा लाभ वयाच्या दाखल्यावर मिळत नाही. वय, कामाची वर्षे, निवासाचा दर्जा आणि अर्जाची तारीख अशा चार गोष्टी जुळाव्या लागतात. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी राज्यव्यवस्थेला ठाऊक असतात; चौथी मात्र वृद्धाने स्वतः सांभाळायची असते आणि ती चुकली तर दंड बहुधा आयुष्यभराचा असतो. हक्क देताना इतका उदार असलेला कायदा तो हक्क बजावताना इतका कठोर का झाला, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे.

दुसरे महायुद्ध संपताच, नोव्हेंबर १९४५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची मागणी काँग्रेसपुढे ठेवली. डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, ती ‘समाजवादी वैद्यक’ म्हणून हाणून पाडली. पुढे मागणी आकसत गेली आणि केवळ वृद्धांच्या रुग्णालय-खर्चापुरती उरली. तरीही विरोध मावळला नाही. १९६१ मध्ये याच संघटनेने या कल्पनेविरुद्ध एक ध्वनिमुद्रिका काढली; तीत बोलणारे अभिनेते होते रोनाल्ड रेगन. १९६४ च्या निवडणुकीत लिंडन जॉन्सन यांना प्रचंड बहुमत मिळाले तेव्हाच वाट मोकळी झाली. त्या वेळी अमेरिकेतील सुमारे निम्म्या वृद्धांकडे रुग्णालयाचा कोणताही विमा नव्हता, कारण खासगी कंपन्यांना म्हातारे आणि आजारी ग्राहक नको असत.

प्रतिनिधिगृहाच्या अर्थविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स हे दक्षिणेतील सावध, हिशेबी राजकारणी. त्यांनी परस्परविरोधी तीन प्रस्तावांपैकी एक निवडण्याऐवजी तिन्ही एकत्र शिवले. डेमोक्रॅटांचा सक्तीचा रुग्णालय-विमा ‘पार्ट ए’ झाला. डॉक्टरांच्या बिलांसाठी ऐच्छिक विमा असावा, ही रिपब्लिकनांची कल्पना ‘पार्ट बी’ झाली. गरिबांसाठी राज्यांमार्फत मदत, हा तिसरा थर ‘मेडिकेड’ या नावाने वेगळा झाला. संसदीय डावपेच म्हणून हे अप्रतिमच होते. ३० जुलै १९६५ रोजी जॉन्सन खास मिझुरीतील इंडिपेंडन्स गावी गेले, ट्रुमन यांच्या शेजारी बसून त्यांनी कायद्यावर सही केली आणि पहिले कार्ड ट्रुमन यांनाच दिले. १ जुलै १९६६ पासून योजना सुरू झाली, तेव्हा पार्ट बीचा हप्ता महिन्याला अवघा ३ डॉलर होता. मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर वर्णभेद बंद करा, अशी अट सरकारने घातल्यामुळे दक्षिणेतील रुग्णालयांतले गोऱ्या-काळ्यांचे वेगळे कक्ष काही महिन्यांत नाहीसे झाले, ही या योजनेची फारशी न सांगितली जाणारी कामगिरी. न्यायालयांना जे वर्षानुवर्षे साधले नव्हते ते बिलाच्या रकमेने साधले.

मात्र मिल्स यांच्या त्या शिवणीचे टाके आजही वृद्धांना बोचतात. पार्ट ए सक्तीचा, म्हणून त्याचा पैसा पगारातून कापला जातो: कर्मचाऱ्याकडून १.४५ टक्के आणि मालकाकडून तेवढाच. चाळीस तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षे, हा कर भरलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या पती वा पत्नीला पासष्टाव्या वर्षी पार्ट ए हप्त्याविना मिळतो. पार्ट बी मात्र ऐच्छिक. त्याच्या खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा हप्त्यांतून आणि उरलेला बहुतांश सर्वसाधारण तिजोरीतून येतो. ऐच्छिक विम्यात माणसे प्रकृती चांगली असेतो बाहेर राहतील आणि आजारी पडल्यावर शिरतील, ही भीती खरी होती. तिच्यावरचा उपाय म्हणजे नोंदणीची ठरलेली मुदत आणि उशिराचा दंड. विमाशास्त्राच्या दृष्टीने हा उपाय योग्यच. प्रश्न असा की तो प्रत्यक्षात कोणाला शिक्षा करतो?

पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात येतो तो महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन, अशी सात महिन्यांची पहिली मुदत असते. ती हुकली तर दर वर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात अर्ज करता येतो. पूर्वी अशा अर्जदाराला विम्यासाठी थेट १ जुलैपर्यंत ताटकळावे लागे. २०२० मध्ये झालेल्या एका कायद्यामुळे २०२३ पासून पुढच्याच महिन्यात विमा सुरू होतो, एवढी सुधारणा झाली. दंड मात्र कायम आहे. उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पार्ट बीच्या हप्त्यावर दहा टक्के, तेही विमा असेतोवर. २०२६ साली हा हप्ता महिन्याला २०२.९० डॉलर आहे. दोन वर्षे उशीर झालेल्या माणसाला त्यावर ४०.५८ डॉलर जादा पडतात, आणि पुढे मूळ हप्ता वाढेल तसा दंडही वाढतो. सत्तराव्या वर्षी जागे होणाऱ्याचा हप्ता जवळपास दीडपट होतो.

आता यातली खरी मेख. निवृत्तिवेतन, म्हणजे तिथले सोशल सिक्युरिटी, आधीच सुरू असेल तर मेडिकेअरची नोंदणी आपोआप होते. एके काळी पूर्ण निवृत्तिवेतनाचे वयही पासष्टच होते, तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र घडत. १९८३ च्या सुधारणांनी ते वय टप्प्याटप्प्याने वाढवले. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते सदुसष्ट आहे. मेडिकेअरचे वय मात्र पासष्टच राहिले. त्यामुळे पूर्ण निवृत्तिवेतनासाठी थांबलेल्या, अजून नोकरी करणाऱ्या माणसाचे नाव आपोआप नोंदले जात नाही; त्याने स्वतः अर्ज करायचा असतो. योजना चालवणारे खाते एक आणि नोंदणी करणारे सोशल सिक्युरिटीचे कार्यालय दुसरे, ही त्यात आणखी भर. सरकारी कचेऱ्यांत हयात घालवलेल्या दिल्लीकर वाचकाला दोन खात्यांच्या मधल्या फटीत माणूस कसा हरवतो हे वेगळे सांगायला नको.

नोकरी चालू असेल आणि मालकाकडे वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर कंपनीच्या विम्यावर राहून पार्ट बी लांबवता येतो. नोकरी किंवा तो विमा, यांपैकी जे आधी संपेल तेव्हापासून आठ महिन्यांत अर्ज केला तर दंड नाही. वीसपेक्षा कमी कर्मचारी असतील तर मेडिकेअर हाच पहिला विमा मानला जातो आणि पार्ट बी न घेणाऱ्याची बिले अडकतात. नोकरी सुटल्यावर जुन्या कंपनीचा विमा स्वखर्चाने काही काळ चालू ठेवण्याची ‘कोब्रा’ नावाची सोय आहे. तीवर असलेल्या माणसाला आपण विमाधारक आहोत असे वाटते. तसा तो असतोही. पण मेडिकेअरच्या हिशेबी ते नोकरीतले संरक्षण नव्हे. आठ महिने उलटून जातात आणि कोब्राची मुदत संपल्यावर तो अर्ज घेऊन जातो तेव्हा दंडाचा आकडा त्याची वाट पाहत असतो. दंडाचा हेतू होता तो आजारी पडेपर्यंत हप्ता चुकवणाऱ्या धूर्ताला पकडण्याचा. येथे सापडतो तो दर महिन्याला प्रामाणिकपणे दुसरा आणि बहुधा महागडा हप्ता भरणारा माणूस.

हे सारे सांभाळून आत शिरलेल्या वृद्धाला तरी काय मिळते? रुग्णालय, डॉक्टर, शस्त्रक्रिया, तपासण्या हे सर्व मिळते आणि देशभर जवळपास कोठेही मिळते. ही मोठीच गोष्ट आहे. पण फुकट नाही. २०२६ मध्ये रुग्णालयात दाखल झाल्यावर पहिले १,७३६ डॉलर रुग्णाने भरायचे. ही रक्कम वर्षातून एकदा नव्हे, तर प्रत्येक ‘लाभकाळा’ला, रुग्णालयाबाहेर सलग साठ दिवस गेले की नवा लाभकाळ सुरू होतो आणि मीटर पुन्हा शून्यावर येते. साठ दिवसांपेक्षा अधिक मुक्काम झाला तर एकसष्टाव्या दिवसापासून दररोज ४३४ डॉलर. पार्ट बीमध्ये वर्षाचे पहिले २८३ डॉलर स्वतःचे आणि त्यापुढे प्रत्येक बिलाचा वीस टक्के हिस्सा. या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही. कर्करोगाच्या दीर्घ उपचारात हा हिस्सा कोठवर जाईल हे कोणी सांगू शकत नाही. दात, नेहमीची चष्म्याची तपासणी, श्रवणयंत्रे यांना मूळ योजनेत सामान्यतः जागा नाही. आणि म्हातारपणाची सर्वांत मोठी गरज, म्हणजे आंघोळ, जेवण, उठबस यांसाठी लागणारी दीर्घकालीन शुश्रूषा, तीही नाही. त्यासाठी आयुष्याची पुंजी संपवून गरिबांच्या मेडिकेडच्या दारात जावे लागते. एक बारकावा तर चक्रावणारा आहे. रुग्ण रात्रभर रुग्णालयाच्या खाटेवर असला तरी कागदोपत्री तो ‘निरीक्षणाखाली’, म्हणजे बाह्यरुग्ण, असू शकतो. दाखल रुग्ण म्हणून सलग तीन दिवस भरले नाहीत, तर मूळ मेडिकेअरमध्ये नंतरच्या शुश्रूषागृहाचा खर्च सामान्यतः मंजूर होत नाही.

खर्चाला वरची मर्यादा का नाही, याची कथा राजकारणाच्या अभ्यासकाने विसरू नये अशी आहे. १९८८ मध्ये काँग्रेसने अशी मर्यादा घालणारा कायदा केला. औषधांचाही त्यात समावेश होता. सही करणारे राष्ट्राध्यक्ष होते तेच ध्वनिमुद्रिकेवाले रेगन. पैसा उभा करायचा होता तो वृद्धांकडूनच, आणि सुस्थितीतल्या वृद्धांकडून अधिक. त्यांपैकी अनेकांना जुन्या कंपन्यांकडून असा विमा आधीच मिळत होता. आपण दुसऱ्यांसाठी का भरावे, असा त्यांचा सवाल होता. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत संतप्त ज्येष्ठांनी अर्थविषयक समितीचे तत्कालीन अध्यक्ष डॅन रोस्टेन्कोव्स्की यांची मोटार अडवली आणि एवढा वजनदार नेता गाडीतून उतरून पायी निसटताना साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. वर्ष संपण्याआधी कायदा रद्द झाला. त्यानंतर मूळ मेडिकेअरमध्ये मर्यादा आणण्याचे धाडस कोणत्याही पक्षाला पेलले नाही. सुस्थितीतल्यांकडून जादा हप्ता घेण्याची कल्पना मात्र पुढे मागल्या दाराने आली: २०२६ मध्ये एकट्याचे उत्पन्न १,०९,००० डॉलरहून अधिक असेल तर पार्ट बीचा हप्ता पायरी-पायरीने वाढतो, आणि त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचे विवरणपत्र पाहिले जाते. मोटार अडवायला या वेळी कोणी आले नाही.

सरकारने मोकळी सोडलेली ही जागा बाजाराने भरली. वीस टक्के हिस्सा भागवणारी ‘मेडिगॅप’ नावाची खासगी पुरवणी पॉलिसी मिळते. पण पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत ती घेतली तरच कंपनी प्रकृतीची चौकशी करू शकत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत जुने आजार पाहून कंपनी नकार देऊ शकते. दुसरा मार्ग ‘मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज’चा. सरकार दर माणशी रक्कम खासगी कंपनीला देते आणि कंपनी विमा चालवते. यात वार्षिक खर्चाला मर्यादा असते, औषधे बहुधा आत असतात, दात-डोळ्यांचे आमिषही असते. बदल्यात ठरावीक डॉक्टर आणि उपचारापूर्वी कंपनीची परवानगी. निरोगी पासष्टीत हा सौदा बरा वाटतो. पंच्याहत्तरीत मोठे दुखणे निघाले, पसंतीचे रुग्णालय यादीबाहेर असले आणि मूळ योजनेत परतावेसे वाटले, तर मेडिगॅपचे दार प्रकृतीच्या कारणाने बंद झालेले असते. तारीख येथेही निर्णायक ठरते.

आज पात्र लाभार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक या खासगी योजनांत आहेत. स्पर्धेमुळे सरकारचा खर्च वाचेल, हे खासगीकरणाचे मूळ समर्थन होते. काँग्रेसला सल्ला देणाऱ्या मेडिकेअर आयोगानेच मार्च २०२५ च्या अहवालात असा अंदाज मांडला, की हेच लोक मूळ योजनेत असते तर लागला असता त्यापेक्षा त्या वर्षी ८४ अब्ज डॉलर अधिक खर्च होत होता. दोन्ही पक्षांना हे ठाऊक आहे. पण निम्मे वृद्ध मतदार ज्या योजनेत आहेत तिला हात लावण्याची तयारी कोणाची नाही. विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार पार्ट एचा निधी २०३३ मध्ये आटतो आणि त्यानंतर येणाऱ्या करातून ८९ टक्केच देणी भागतात. काही अनुकूल घडलेच ते औषधांच्या बाबतीत. २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी औषधविमा आणला, तो २००६ पासून सुरू झाला, पण औषधकंपन्यांशी किमतीची घासाघीस करायला सरकारला त्याच कायद्याने मनाई केली. ती मनाई २०२२ च्या कायद्याने अंशतः उठली. इन्सुलिनचा खर्च महिन्याला ३५ डॉलरवर बांधला गेला, औषधांवरील रुग्णाच्या वार्षिक खर्चाला मर्यादा आली (२०२६ साठी २,१०० डॉलर) आणि घासाघिशीतून ठरलेल्या पहिल्या दहा औषधांच्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. रुग्णाच्या खर्चाला मर्यादा घालणारी जी तरतूद १९८९ मध्ये रद्द झाली, तिचा हा एवढा तुकडा परत यायला तेहतीस वर्षे लागली.

आता भारतीयांकडे वळू. गेल्या तीन दशकांत पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून आणि दिल्लीतील सरकारी वसाहतींतूनही ‘एच-१बी’ परवान्यावर अमेरिकेत गेलेला अभियंता पहिल्या पगारापासून मेडिकेअरचा कर भरतो. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की नोकरीच्या जोरावर अर्ज केलेल्या अनेकांची दहा वर्षे त्या रांगेतच सरतात. पूर्वीच्या नियमाने कायदेशीर वास्तव्य आणि चाळीस तिमाहींचा कर असेल तर ग्रीन कार्ड नसतानाही पासष्टीला पार्ट ए मिळू शकत असे. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने पात्रता नागरिक, ग्रीन कार्डधारक, क्यूबा व हैतीहून आलेले विशिष्ट प्रवेशार्थी आणि प्रशांत महासागरातील करारबद्ध बेटांचे रहिवासी यांच्यापुरती सीमित केली. निर्वासित, आश्रय मिळालेले, तात्पुरत्या संरक्षणाखाली राहणारे आणि कामाच्या परवान्यावर असलेले, सारे बाहेर. जे आधीच लाभ घेत होते त्यांचाही विमा अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर, म्हणजे ४ जानेवारी २०२७ पर्यंत, संपवण्याची तरतूद आहे. कर मात्र पूर्वीसारखाच कापला जाईल. वॉशिंग्टनमधील चर्चेत हे कलम ‘बेकायदा स्थलांतरितांचे लाभ थांबवण्या’च्या भाषेत मांडले गेले. वास्तविक बेकायदा स्थलांतरित मेडिकेअरला आधीही पात्र नव्हते. कात्री लागली ती कायद्याने आलेल्यांना.

भारत सरकार सामाजिक सुरक्षेच्या द्विपक्षीय कराराची मागणी अमेरिकेकडे वर्षानुवर्षे करत आले आहे. त्या मागणीचे समर्थन करताना एक गोष्ट दिल्लीतील मंत्रालयांत स्पष्ट असायला हवी. असे करार झालेल्या देशांतील नागरिकांची दोन्हीकडची वर्षे निवृत्तिवेतनासाठी एकत्र धरली जातात. मेडिकेअरसाठी धरली जात नाहीत. कराराचा फायदा होईल तो थोड्या काळासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याचा कर वाचण्यात. दीर्घकाळ राहिलेल्याचा म्हातारपणीचा उपचार त्याने सुटणार नाही.

मुलांकडे कायमचे राहायला जाणाऱ्या आईवडिलांचा हिशेब वेगळा आहे. मुलगा किंवा मुलगी नागरिक असेल तर ग्रीन कार्ड मिळते. तथापि मेडिकेअरसाठी पासष्ट वर्षांच्या वयाबरोबर सलग पाच वर्षांचे वास्तव्यही लागते. तोवर खासगी विमा. पाच वर्षांनंतरही, तिथे कधी नोकरी केलेली नसल्याने, पार्ट ए विकत घ्यावा लागतो. २०२६ मध्ये तो महिन्याला ५६५ डॉलर आहे. पार्ट बी धरून माणशी ७६७.९० आणि जोडप्याला १,५३५.८० डॉलर. औषधांचा विमा वेगळा, आणि वर सांगितलेला वीस टक्के हिस्सा आहेच. न्यू जर्सीतील मुलाच्या तळघरातली खोली नीट लावून झाली तरी हा आकडा अनेक घरांत तिकिटे काढल्यानंतरच समोर येतो. उलट प्रवास करणाऱ्यांचीही अडचण आहे. तिथे उमेद घालवून निवृत्तीनंतर पुण्यात परतलेल्याला मेडिकेअर भारतातील उपचारांचे पैसे देत नाही. पार्ट बीचा हप्ता भरत राहावे तर इथे उपयोग शून्य, आणि तो सोडावा तर नातवंडांजवळ परतायची वेळ आल्यावर दंड उभा.

या पार्श्वभूमीवर आपल्या राजधानीतील व्यवस्था कशी दिसते? १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, सीजीएचएस, हिच्याविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. दवाखान्यातल्या रांगा, औषधांचा तुटवडा, थकलेल्या बिलांमुळे खासगी रुग्णालयांची कुरकुर. पण सातव्या वेतन आयोगानंतर ठरलेल्या दरांनुसार सर्वांत वरच्या श्रेणीतला निवृत्त अधिकारीही महिन्याला १,००० रुपये, किंवा दहा वर्षांची रक्कम एकदम भरून, आजन्म कार्ड घेऊ शकतो आणि त्यात बाह्यरुग्ण तपासणी व रोजची औषधेही येतात. ही सोय सरकारी नोकरांपुरती. बाकीच्यांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी निर्णय घेतला आणि २९ ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण खुले झाले. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीही योजनेत आली आणि राज्याच्या पाच लाखांच्या भरीमुळे येथे ते दहा लाख झाले.

या योजनेचे दार मेडिकेअरच्या दारापेक्षा निःसंशय रुंद आहे. कामाची वर्षे मोजायची नाहीत, हप्ता नाही, मुदत नाही, दंड नाही. आधार कार्डावरचे वय पुरते आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाही नाही. पण आत शिरल्यावर खोली लहान निघते. संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांची महिन्याची औषधे, जी भारतीय वृद्धाच्या खिशाला खरी चाट लावतात, ती बाहेरच. पती-पत्नी दोघे सत्तरीपार असले तरी पाच लाख दोघांत मिळून. मेडिकेअरने आत बरेच दिले आणि दारावर अडवले. आपण दार उघडले आणि आत अर्धेच दिले. अमेरिकेतील अनुभव पाहता दुसरी चूक सुधारणे अधिक सोपे असावे, कारण लाभ वाढवायला मतदार विरोध करत नाहीत. मात्र उद्या बाह्यरुग्ण उपचार जोडताना ‘ऐच्छिक हप्ता’ आणि ‘नोंदणीची मुदत’ हे शब्द मसुद्यात शिरू लागतील, तेव्हा आरोग्य मंत्रालयातील अधिकाऱ्यांनी मिल्स यांची शिवण आठवावी.

दिल्लीतील निवृत्त मराठी अधिकाऱ्यापुढे एक निवड आजही आहे. सीजीएचएस, माजी सैनिकांची योजना किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची योजना असणाऱ्याला सत्तरीनंतर जुनी योजना आणि आयुष्मान यांपैकी एकच ठेवता येते. खासगी विमा असणाऱ्याला मात्र दोन्ही चालतात. गावाकडे, जिथे सीजीएचएसचा दवाखाना जवळपास नाही तिथे, स्थायिक होणाऱ्याला आयुष्मानचे कार्ड सोयीचे वाटू शकते, कारण ते देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. पण ते घेताना रोजच्या औषधांची सोय हातची जाते. या निवडीचा अर्ज भरण्यापूर्वी घरातल्या औषधांचे मागच्या बारा महिन्यांचे बिल काढून बेरीज करावी. आणि मुले अमेरिकेत असतील तर त्याच कागदावर पाच वर्षे आणि महिन्याचे १,५३५.८० डॉलर हेही आकडे मांडावेत.